आधी हवा, मग सूर : कळव्यातल्या पेटीदुरुस्तीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

कळव्याच्या भंगारवाल्याकडून जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेतली. हजाराच्या खाली यायला तयार नव्हता. मागची पट्टी उकललेली दाखवली तेव्हा १०० सोडले, ९०० दिले. ४२ पट्ट्या, डबल लाइन. म्हणजे साडेतीन सप्तकं, एका पट्टीमागे दोन सूर (आवाज देणाऱ्या पितळी जिभांनाही सूरच म्हणतात), एकूण ८४. घरी आणून एकेक दाबून मोजले. ३१ वाजतात, त्यातले ६ कण्हतात.

घरात बाबांची पेटी आहे. तिचा भाता फाटून दोन वर्षं झाली. तेव्हा कळवा, ठाणे, डोंबिवली पालथं घातलं. दुरुस्त करणारे दोघं मिळाले. एकाने गणपतीनंतर या म्हणून सांगितलं, दुसऱ्याने वयामुळे काम बंद केलं होतं. आमच्या बाजूला दर दोन गल्ल्यांआड एक भजनी मंडळ आहे आणि प्रत्येकाची पेटी कधी ना कधी बसतेच. मग ही मंडळी जातात कुठे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

मी १६ वर्षं वागळे इस्टेटमध्ये क्वालिटीला आहे. मायक्रोमीटर, फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), भिंग यांत दिवस जातो. मार्चअखेर आमचं युनिट चाकणला हलणार. मी जाणार नाही, हे घरी ठरलंय. हातात अडीच महिने आहेत. पेटी वाजवता येते ती आरत्या आणि चार-सहा अभंगांपुरती. शिकायचं ते या भंगारातल्या पेटीवर. बाबांच्या पेटीला हात लावायचा नाही.

१९ जानेवारी

पूर्ण उघडली. प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर त्याची जागा काढून तिथेच चिकटपट्टीने चिकटवला. आतून निघालं ते : झुरळांची अंडी, अगरबत्तीची राख, एक २५ पैशांचं नाणं, उंदराने कुरतडलेलं चामडं.

हवेचा रस्ता काढून भिंतीला लावला आहे. हाताचा भाता हवा ओढतो आणि चामड्याच्या झडपेतून आतल्या भात्यात ढकलतो. आतल्या भात्याला स्प्रिंगा आहेत, त्या हवा दाबून धरतात. समोरचे खटके ओढले की हवा सुरांच्या कप्प्यात जाते. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं आणि हवा पितळी जिभेला हलवत बाहेर पडते. बस एवढंच यंत्र. इतक्या साध्या रस्त्यात इतकी गळती कुठून होते ते आता शोधायचं.

२ फेब्रुवारी

आज महत्त्वाचं काही हाती लागलं.

आधी मी सूर घासायला बसले होते. फोनवर ट्यूनर लावला, पण काटा एका जागी थांबेना. एकच सूर, भाता जोरात मारला की खाली, हळू मारला की वर. तासभर वैतागून कळलं की हवाच स्थिर नाही, तर सूर कशाच्या आधारावर मोजणार? कंपनीत मशीन लेव्हल केल्याशिवाय आम्ही रीडिंग घ्यायचो नाही. इथेही तोच नियम.

म्हणून हवेची चाचणी ठरवली. आतला भाता पूर्ण भरायचा, हात काढायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि भाता बसेपर्यंतचे सेकंद मोजायचे. एकदा सगळे खटके बंद ठेवून, एकदा उघडे ठेवून. खटके बंद असताना हवा सुरांपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा गळली तर दोष भात्यात किंवा त्याच्या जोडांत. बंद ठीक आणि उघडी कमी आली तर पट्ट्यांखालची चामडी बसत नाहीत. दोन आकड्यांत अर्धं निदान होतं.

या पेटीची हवा : बंद ४, उघडी २.

१६ फेब्रुवारी

खोलीची दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, भात्याच्या घड्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर जात असतो, गळतीपाशी आला की झटक्यात बाजूला उडतो. १४ जागी खडूने खुणा केल्या. सगळ्यात जास्त गळती घड्यांच्या कोपऱ्यांत. तिथलं चामडं उघडमीट सोसून सोसून पापडासारखं झालंय.

धारावीतून मेंढीचं पातळ, मऊ चामडं आणलं. आधीच्या कोणीतरी कोपरे फेविकॉलने चिकटवले होते. ते काढताना लाकडाची सालच निघून आली. सरसाने चिकटवलेले जोड मात्र कोमट ओल्या फडक्याने पाच मिनिटांत सुटले, लाकूड जसंच्या तसं. ज्या जोडाला पुन्हा कधीतरी कोणी उघडणार आहे तिथे सरसच लावायचा. उद्या मी नसेन तेव्हा ही पेटी उघडणाऱ्याने मला शिव्या देऊ नयेत.

सरस रात्री भिजत घालून सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवते. थेट आचेवर ठेवला तर करपतो आणि जोर जातो. वास घरभर. आईने गॅलरी मोकळी करून दिली.

हवा : बंद २३, उघडी ५.

९ मार्च

पट्ट्यांखालचं फेल्ट आणि चामडं ४२ च्या ४२ बदललं. मग राहिलेले मुके सूर. बहुतेकांत नुसती धूळ होती. जीभ आणि तिच्या खोबणीत पातळ कागद सरकवून काढला की सूर बोलतो. काहींची जीभ पाटीला टेकलेली होती, ती टोकाशी किंचित उचलली. फार उचलली तर सूर हवा खातो आणि उशिरा बोलतो, कमी उचलली तर बोलतच नाही. फिलर गेज इथे कामाला आलं. चांगल्या बोलणाऱ्या सुरांची फट मोजून ठेवली आणि बाकीच्यांना त्या मापावर आणलं. ७ सूर बाद, जीभ तुटलेल्या. दादरहून नवे आणले. दुकानदार म्हणाला पालिताण्याचे आहेत. गुजरातेतलं पालिताणा सुरांसाठी नावाजलेलं आहेच.

आता सूर लावणं. जिभेच्या टोकाकडचं पितळ खरवडलं की टोक हलकं होतं, सूर चढतो. रिव्हेटकडचं, म्हणजे जीभ जिथे पक्की केलेली असते तिथलं, खरवडलं की जीभ लवचिक होते, सूर उतरतो. खरवडायला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर धार लावून घेतला. जिभेखाली फिलर गेजचं पातळ पान सरकवते, म्हणजे दाब जिभेवर येत नाही.

सराव पांढरी सहावर, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर. ती ४४० हर्ट्झला हवी, होती ४३७. टोकाला सहा हात मारले, ४३८.५. आणखी चार, ४३९. आणखी चार, ४४०. चहा करून आले तर ४४१! घासताना पितळ तापतं आणि तापलेला सूर उतरलेला दाखवतो, गार झाला की वर जातो. तेव्हापासून चार हात मारायचे आणि दुसऱ्या सुराकडे जायचं, फिरून येईपर्यंत पहिला गार होतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांनी पटली. मधल्या सप्तकात १ हर्ट्झची चूक म्हणजे साधारण ४ सेंट (शेजारशेजारच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). खाली खर्जात तीच १ हर्ट्झ जवळजवळ ८ सेंट, वर गेलं की २. म्हणून खर्जाला जास्त वेळ द्यायचा. आणि दोन्ही लाइन एकत्र लावून शेवटची तपासणी कानाने : एकाच पट्टीचे दोन सूर जरासे वेगळे असतील तर आवाज डोलतो. सेकंदाला एक डोल म्हणजे १ हर्ट्झचा फरक. डोल मंदावत मंदावत थांबतो त्या क्षणी दोन सुरांचा एक होतो. पहिल्यांदा तो थांबला तेव्हा मी पट्टीवरचं बोट उचललंच नाही, हवा संपेपर्यंत ऐकत राहिले.

३० मार्च, गुढीपाडवा

काल कंपनीतला शेवटचा दिवस झाला. आज खारेगावात शिलाईवाल्या ताईंच्या दुकानातला मागचा अर्धा भाग घेतला, महिना ३,००० रुपये. पाटी लावली : हार्मोनियम दुरुस्ती व ट्यूनिंग.

कागदपत्रं : उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन झाली, फुकट. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असल्याने दुकाने अधिनियमाखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागली. सेवेच्या कामाला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, माझा तो प्रश्नच नाही. पीएम विश्वकर्मा योजनाही पाहिली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, शिंपी आहेत, वाद्यांचे कारागीर नाहीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाद्य घडवणारा आणि ते जिवंत ठेवणारा, दोघंही विश्वकर्माच्या यादीत यायला हवेत असं मनापासून वाटतं.

दर : हवा तपासणी १०० (काम दिलं तर बिलात वजा), नवा भाता २,२००, डबल लाइन ट्यूनिंग १,८००.

भंगारातली पेटी आता दुकानात नमुना म्हणून. हवा : बंद ३८, उघडी ३१.

२७ एप्रिल

चार आठवड्यांत ५ पेट्या. सगळे एकच वाक्य घेऊन येतात, "सूर गेलेत, लावून द्या." पाचातल्या चारांत खरा रोग हवेचा. पण भात्याच्या आतलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे मागताना जीभ अडखळते. पॉलिश केलं तर २,००० आनंदाने देतात.

म्हणून आता पावतीवरच दोन रकाने केले : हवा आधी, हवा नंतर. भाता त्यांच्या समोर भरते, फोनवरचं घड्याळ त्यांच्याच हातात देते. सात सेकंदांत भाता बसलेला स्वतः पाहिला की समजावून सांगावं लागत नाही.

आज मालवणकडचे एक बुवा आले, सत्तरीचे, डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या समोरासमोरच्या सामन्यात) आयुष्य गेलेले. घड्याळ हातात धरून गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "बाय, चाळीस वर्सां भातो मारतंय, हयां बघूक कोणी सांगलां नाय." पेटी ठेवून गेले. आधी : बंद ९, उघडी ४.

२६ मे

पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होता, आज हवामान खात्याने मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. नोंदींमध्ये इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणे. माझ्या दुकानात तो पट्ट्यांमधून आला. आठवड्यात ६ पेट्या, सगळ्यांची तक्रार एकच, पट्टी दाबली की वर येत नाही. लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतं.

पहिल्या पेटीच्या पट्ट्या मी पॉलिशपेपरने घासून मोकळ्या केल्या. दुसऱ्या वेळी थांबले. आता घासलं तर दिवाळीनंतर लाकूड आटेल आणि पट्ट्या खुळखुळतील. बाकीच्या पाच पेट्या साध्या ६० वॉटच्या बल्बखाली, अंतर राखून, दोन दिवस ठेवल्या. चार आपोआप सुटल्या. त्यांचे फक्त तपासणीचे १०० घेतले. पहिल्या पेटीवाल्यांना फोन करून सांगितलं की हिवाळ्यात पट्ट्या सैल वाटल्या तर माझ्याकडेच आणा, पैसे नाहीत.

८ जून

वाईट दिवस. काल रात्री बुवांच्या पेटीतला काळी दोनचा सूर भजनात तुटला. त्यांचा स्वर काळी दोन. म्हणजे षड्जच (सा) गेला. समोर दुसरी पार्टी बसलेली. त्यांनी उसनी पेटी घेऊन बारी पुरी केली आणि सकाळी साडेसातला दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. रागावले नाहीत. तुटलेली जीभ रुमालात बांधून आणली होती, ती माझ्या हातावर ठेवली.

भिंगाखाली पाहिली. रिव्हेटपासून दीड मिलिमीटरवर स्वच्छ सरळ तुटलेली, आणि तुटीची रेघ बरोब्बर माझ्या खरवडण्याच्या चरावर. सूर चढा होता, उतरवायला मी रिव्हेटकडे घासलं होतं. जागा अडचणीची म्हणून ब्लेड आडवं फिरवलं होतं. जीभ सेकंदाला शेकडो वेळा वाकते ती तिथेच, आणि तिथेच मी तिला आडवी चीर दिली. वागळेत असल्या आडव्या चरांवर मी स्वतः जॉब बाद केलेत. लांबीच्या दिशेने घासलं असतं तर हे झालं नसतं.

नवा सूर बसवला, लावला, पैसे घेतले नाहीत. मग बुवांना खरं सांगितलं : तुमच्या पेटीत आणखी ११ सूर मी असेच उतरवलेत. सगळे बदलून देते, दोन दिवस द्या. त्याआधीच्या ४ पेट्यांच्याही मालकांना फोन केले. दोघांनी आणल्या. एकूण १९ सूर बदलले, खर्च माझा.

भिंतीवर हवेच्या रस्त्याशेजारी दुसरा कागद लावला : घासायचं ते लांबीने. रिव्हेटकडे तर लांबीनेच, आणि शेवटी बारीक पॉलिशपेपरने चर मोडायचे.

६ जुलै, आषाढी एकादशी

बुवांनी संध्याकाळी मंदिरात बोलावलं होतं. दोन तास मी अभंग ऐकायचे सोडून काळी दोन ऐकत होते. टिकला.

१७ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. दुकानात ९ पेट्या, दारात रोज दोन-तीन माणसं. एका सुराला सरासरी ५ मिनिटं धरली तरी ८४ सुरांना ७ तास लागतात, आणि तेही शांतता असेल तेव्हा. ताईंची दोन शिलाई मशीनं चालतात, मागून लोकल जातात. पंखा सुरू असला तर पात्यांमुळे आवाज कापला जातो आणि ट्यूनरचा काटा नाचतो. ताई दुपारी दीड ते चार दुकान बंद ठेवतात, ट्यूनिंग फक्त तेव्हा. घाम गाळत, पंखा बंद करून. म्हणजे एका पेटीला तीन दुपारी.

हा हिशेब मी जूनमध्येच करायला हवा होता. आजपासून ट्यूनिंगचं नवीन काम घेणं बंद. भाता, चामडी, अडकलेल्या पट्ट्या एवढंच, कारण ते मशीनच्या आवाजातही होतं. सात जणांना नाही म्हटलं. त्यातल्या एक आजी महिला भजनी मंडळाच्या, डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत पेटी घेऊन आल्या होत्या. त्यांची हवा पाहिली, बंद १२. तासाभरात झडप बदलली, २९ झाली. सूर थोडे उतरलेले आहेत पण एकमेकांशी जुळतात, गणपतीत चालतील, नंतर आणा असं सांगितलं. मलाही नाही म्हणणारे भेटले होते. निदान माणूस जी पेटी घेऊन आला ती घेऊन तसाच परत जाऊ नये.

१४ सप्टेंबर

पाडव्यापासूनचा हिशेब. ४१ पेट्या. जमा ७८,४००. सामान १९,६५० (त्यात फुकट बदललेले सूर), भाडं १८,०००, हत्यारं आणि टेबल ११,३००. हातात २९,४५०. महिना पाच-साडेपाच हजार. पगार याच्या पाचपट होता. नवऱ्याने आकडा पाहिला आणि एवढंच म्हणाला की हत्यारं पुन्हा घ्यावी लागणार नाहीत. ट्यूनिंगचा दर २,४०० केला. तीन दुपारींचं काम १,८०० मध्ये देणं चूक होतं. भात्याचा दर तोच.

५ ऑक्टोबर

नौपाड्यातल्या एक गायिका आल्या, गांधार ट्यूनिंग हवंय म्हणाल्या. तंबोरा सोबत आणला होता. त्यांचा षड्ज काळी एक. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गांधार (ग) ऐकू येतो, तो त्यांनी मला आधी ऐकवला, मग पेटीची पांढरी चार वाजवली. पेटीचा गांधार टोचला. मी सहा महिने रोज तो सूर लावतेय आणि तो टोचतो हे आज पहिल्यांदा ऐकलं.

पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, त्यात गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याचा गांधार ३८६ वर. चौदा सेंटचं अंतर. पेटीच्या या सुरांपायीच आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बाहेर काढलं, ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. त्यांच्या काळी एकला पांढरी चार ३४९.२ वरून ३४६.५ वर आणायची. पण मग ती पेटी त्याच षड्जाची होऊन बसते, पांढरी एकवाल्याला ती बेसूर लागेल. हे त्यांना माहीत होतं, पेटी फक्त त्यांच्यासाठीच आहे.

सूर उतरवायचा म्हणजे रिव्हेटकडे जायचं. त्यांना एक आठवडा मागितला. आधी भंगारातल्या पेटीवर सगळ्या पांढरी चार उतरवल्या, लांबीने, चर मोडून, भिंगाखाली पाहून. रोज तासभर वाजवतेय.

१२ ऑक्टोबर

सरावातला एकही सूर तुटला नाही. गायिकांची पेटी दुपारी पूर्ण केली. तंबोरा छेडून गांधार दाबला तेव्हा डोल थांबला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही.

संध्याकाळी बुवा मुंब्र्याच्या एका मंडळाच्या पोरांना घेऊन आले. पखवाजवाला पोरगा असेल अठराएक वर्षांचा. सेकंडहँड पेटी घ्यायची होती म्हणून माझी नमुन्याची पेटी बघत होता. पट्टीला हातही न लावता त्याने विचारलं, "हवा किती धरते?" बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातात घड्याळ दिलं. बंद ३७, उघडी ३१. पोरांनी ६,५०० म्हटलं. पांढरी चार मूळ जागी आणून पुढच्या रविवारी देईन म्हणून सांगितलं.

रात्री बाबांची पेटी कपाटावरून काढून टेबलावर आणली. भाता फाटलेला, दोन्ही रीडिंग शून्य. कोपऱ्यांना सगळा सरस आहे, फेविकॉल कुठेच नाही. सरस भिजत घातला आहे.